ताटातलं विचारा : शेवटून दुसरी ओळ आणि शेवटची ओळ

या महिन्याच्या टपालात भगर, नाचणी आणि कारल्याचा रस जरा मागे पडलाय. चार पत्रं आली आणि चारही फिरून फिरून डुकराच्या मांसाभोवती. लातूरला बावीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून बसते, पण हे माझ्याही बाबतीत पहिल्यांदाच घडतंय. ज्यांच्या घरात हे चालत नाही त्यांनी यावेळी पान उलटावं. पण शेवटचं पत्र मात्र शाकाहारी घरांनीही वाचावं, ते त्यांच्यासाठी जास्त आहे.

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी उदगीरचा निवृत्त शिक्षक, वय 66. मुलगा स्पेनमध्ये वालेन्सियाला नोकरीला आहे. दिवाळीनंतर आम्ही उभयता तीन महिने त्याच्याकडे राहायला जाणार आहोत. तिकडे हामोन नावाचं डुकराच्या मांडीचं वाळवलेलं मांस घरोघर खातात म्हणे. मुलगा म्हणतो, 'बाबा, यात 31 टक्के प्रोटीन आहे, तुमच्या वरणापेक्षा कितीतरी भारी.' त्याने पाकिटामागच्या तक्त्याचा फोटो पाठवलाय, तो सोबत जोडतो. मी मटण खातो. डुकराचं कधी खाल्लेलं नाही, पण वावडंही नाही. बीपीची गोळी दहा वर्षांपासून चालू आहे. सूनबाईंना चौथा महिना लागलाय, त्यांनाही ते आवडतं. घ्यावं का, आणि किती घ्यावं?

उत्तर : गुरुजी, फोटो स्पष्ट आलाय. तक्ता स्पॅनिशमध्ये आहे, पण आकडे सगळीकडे सारखेच वाचता येतात. शंभर ग्रॅममागे ऊर्जा 241 किलोकॅलरी, फॅट 13 ग्रॅम, त्यातलं सॅच्युरेटेड साडेचार, कर्बोदकं जवळपास नाहीतच, प्रोटीन 31 ग्रॅम. आणि सगळ्यात खाली 'साल' म्हणून एक ओळ आहे, तिच्यासमोर 5 ग्रॅम. साल म्हणजे मीठ. तुमच्या मुलाने शेवटून दुसरी ओळ वाचली, मी शेवटची वाचते. माणसाने दिवसभरात सगळं मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही सांगते. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. हामोनच्या शंभर ग्रॅममध्ये तो चमचा पुरा संपला. भाकरी, वरण, कोशिंबीर अजून ताटात यायचीच आहे.

आता हे 31 कुठून आलं ते बघा, तुम्ही गणित शिकवलं असेल तर आवडेल. डुकराची ताजी मांडी, चरबी बाजूला काढून, शंभर ग्रॅम घेतली तर प्रोटीन निघतं साधारण 21 ग्रॅम, कोंबडीच्या आगेमागेच. ती मांडी जाड्या समुद्री मिठात पुरून ठेवतात, किलोमागे एक दिवस असा ढोबळ हिशेब असतो. मग धुतात, थंड खोलीत मीठ आत मुरू देतात आणि नंतर कित्येक महिने टांगून वाळवतात. तेवढ्यात वजनाचा तिसरा हिस्सा उडून जातो, तो बहुतेक पाण्याचाच. म्हणजे आजचे शंभर ग्रॅम हे पूर्वीचे दीडशे. दीडशेमध्ये 21 टक्क्यांनी प्रोटीन झालं साडेएकतीस. हिशेब जुळला. प्रोटीन कुणी वाढवलं नाही, पाणी तेवढं कमी झालं. मिठाचं मात्र तसं नाही. ताज्या मांसात सोडियम शंभर ग्रॅमला पन्नास-साठ मिलिग्रॅम असतं, हामोनमध्ये ते दोन हजारांवर जातं. हे बाहेरून आलेलं.

वरणाशी केलेली तुलना याच कारणाने फसवी आहे. कोरडी तूरडाळ मोजली तर तिच्यातही शंभरला 22 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आहे. आपण तिच्यात तिप्पट-चौपट पाणी घालून वरण करतो आणि मग वाळवलेल्या मांसाशेजारी ठेवून 'पातळ आहे' म्हणतो. सुकं आणि ओलं एका काट्यावर घालू नये.

मला हे कळलं ते पुस्तकातून नव्हे. माझं माहेर बीड जिल्ह्यातलं. आमच्या घरी मोठ्याच्या मटणाच्या चान्या व्हायच्या. एप्रिल-मेच्या उन्हात आजी मांसाच्या लांब पट्ट्या कापायची, हळद-मीठ चोळायची आणि माळवदावर दोरी बांधून त्यावर वाळत घालायची. घारी हाकायचं काम आम्हा पोरांचं. चार-पाच दिवसांत पट्टी काठीसारखी कडक, मोडली की कटकन आवाज. मग पावसाळ्यात कधी डाळीत चार तुकडे, कधी विस्तवावर भाजून भाकरीबरोबर. तिची एक सवय मला अजून आठवते. चान्या पडलेल्या कालवणात ती मीठ घालायचीच नाही. आधी पळीने हातावर दोन थेंब घ्यायची, चाटायची, मग ठरवायची. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला सोडियमचा हिशेब जिभेवर पाठ होता. स्पेनमधले लोकही हिरव्या मटारात किंवा पावट्यासारख्या शेंगांच्या दाण्यांमध्ये हामोनचे बारीक तुकडे परततात तेव्हा हेच करतात. मिठाचं काम मांसच करतं.

म्हणून माझं उत्तर असं, की हामोन हे ताटात लोणच्याच्या जागी वाढायचं, भाजीच्या जागी नाही. तिकडे ते कागदासारखं पातळ कापतात ते काही शौक म्हणून नव्हे, तेवढंच पुरतं म्हणून. गेल्या वर्षी पुण्याहून भाच्याने एक पाकीट आणलं होतं, ते मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं. एक चकती बारा ग्रॅमची भरली. अडीच चकत्या म्हणजे तीस ग्रॅम धरा : प्रोटीन नऊ ग्रॅम, मीठ दीड ग्रॅम. नऊ ग्रॅम प्रोटीन म्हणजे दीड अंडं, वाईट नाही. पण दीड ग्रॅम मीठ म्हणजे दिवसाच्या कोट्याचा जवळपास तिसरा हिस्सा, तोही दोन घासांत. एक उडदाचा पापड त्यामानाने अर्ध्या ग्रॅमच्या आसपास मीठ देतो, आणि पापड तर तुम्हाला डॉक्टरांनी बंदच केला असणार.

तुमचं बीपी गोळीने ताब्यात असेल तर आठवड्यातून एखाद्या वेळी दोन चकत्या घ्या, चव बघा, परदेशात जाऊन नुसतं वरण-भात खाऊन येऊ नका. त्या जेवणात मात्र लोणचं नाही, पापड नाही, आणि उदगीरहून नेलेली शेंगदाण्याची चटणी त्यादिवशी डब्यातच राहू द्या. बीपी वर-खाली होत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेवढंही नको. इटलीत तोस्काना भागात पाव बिनमिठाचा भाजतात आणि त्यावर असलं खारट मांस ठेवतात. भाकरीतही मीठ नसतं, त्यामुळे तुम्हाला ही जोडी सोपी जाईल. टोमॅटो चोळलेल्या पावावर ठेवतात तेही चांगलं.

चरबीचं भय तुम्ही विचारलेलं नाही, पण काकूंना असेल. 13 ग्रॅममधलं साडेचार सॅच्युरेटेड, बाकीच्यात मोठा वाटा ओलिक ॲसिडचा, म्हणजे जे ऑलिव्ह तेलात आणि आपल्या शेंगदाणा तेलात भरपूर असतं ते. चकतीच्या कडेची पांढरी पट्टी काढून टाकली तर आकडा अजून खाली येतो. बीपीवाल्या माणसाने इथे चरबीपेक्षा मिठाला भ्यावं.

त्याच फोटोत घटकांच्या यादीत E252 आणि E250 दिसतात. E252 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आपल्याकडचा सोरा, फटाक्याच्या दारूतला. E250 म्हणजे सोडियम नायट्राइट. मांसाचा गुलाबी रंग टिकतो तो यांच्यामुळे, आणि बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारा जंतू वाढत नाही तोही यांच्यामुळे. म्हणजे घातलंय ते कारणाने घातलंय. इटलीतल्या पार्मा गावाच्या हॅममध्ये, म्हणजे तिथल्या अशाच वाळवलेल्या मांडीत, हे चालत नाही, तिथे फक्त मीठ आणि वेळ. तरी ते गुलाबी होतं. पण बिनसोऱ्याचं आहे म्हणून ते कमी खारट आहे असं समजू नका.

आता कर्करोगाचं, कारण हे वाचून कुणीतरी तेच विचारणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे ज्यात तंबाखू आहे त्या गटात. वर्तमानपत्रांनी मथळे केले की हॅम म्हणजे सिगारेट. गटाचा अर्थ तसा नाही. पुरावा किती पक्का आहे ते गट सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. रोज, अगदी रोज, 50 ग्रॅम असं मांस खाणाऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका न खाणाऱ्यापेक्षा सुमारे 18 टक्क्यांनी जास्त, असा त्यांचा हिशेब आहे. तीन महिन्यांत आठ-दहा वेळा दोन चकत्या खाणाऱ्या गुरुजींनी त्यावर झोप घालवू नये. रोज सकाळी डब्यात हॅम सँडविच नेणाऱ्या त्यांच्या चिरंजिवांनी मात्र जरूर विचार करावा. नेतो का तो? विचारा.

आणि सूनबाई. पत्रात त्यांचं नाव शेवटच्या ओळीत आहे, माझ्या लेखी त्या पहिल्या. हामोन शिजवलेलं नसतं. मिठाने आणि वाळवण्याने टिकतं, पण आग त्याला लागलेली नसते. गरोदरपणात टॉक्सोप्लाझ्मा आणि लिस्टेरिया या दोन जंतूंची धास्ती असते, आईला साधा ताप येऊन जातो आणि बाळाला मोठी इजा होते. म्हणून बाळंत होईपर्यंत त्यांनी ते पाकिटातून काढून तसंच खाऊ नये. खायचंच झालं तर भाजीत किंवा ऑम्लेटमध्ये घालून, वाफा निघेपर्यंत पूर्ण शिजवून. स्पेनमधल्या डॉक्टरांनी त्यांना हे सांगितलंच असेल. तुम्ही सासरे म्हणून न सांगता काकूंकडून सांगा.

एक युक्ती देऊन ठेवते. युरोपच्या पाकिटावर मीठ ग्रॅममध्ये लिहितात, आपल्याकडच्या पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये. सोडियमला अडीचने गुणायचं आणि हजाराने भागायचं, की मीठ निघतं. 2000 सोडियम म्हणजे 5 ग्रॅम मीठ. ही युक्ती आपल्या शेव-चिवड्याच्या पाकिटावर लावून बघा, तोंड उतरेल.

प्रश्न : मॅम, मी नांदेडचा, वय 21, जिम लावलीय. ट्रेनर म्हणतो पोर्क खा, चिकनपेक्षा ताकद जास्त. मित्राच्या घरी रविवारी डुकराचं मटण असतं. आमच्या आईला सांगितलं तर घरात घेणार नाही. खरंच जास्त प्रोटीन असतं का? आणि बेकन खाल्लं तर चालेल का?

उत्तर : आईला काही सांगू नकोस असं मी म्हणणार नाही, पण मित्राच्या ताटात काय असतं ते तरी बघ. बाजारात वाटे घालतात तेव्हा कातडं, चरबी आणि मांस एकाच वाट्यात येतं. 'डुकराचं मटण' हा एकच पदार्थ नव्हे. कमरेचा, पाठीचा कोरडा भाग घेतलास तर शंभर ग्रॅमला प्रोटीन 21, चरबी पाच-सहा ग्रॅम. पोटाचा थराथराचा भाग घेतलास तर प्रोटीन नऊ-दहा आणि चरबी पन्नासच्या वर, कॅलरी पाचशेच्या पुढे. दोन्ही एकाच जनावराचे. कोंबडीच्या छातीचा तुकडा 22-23 ग्रॅम प्रोटीन आणि दोन-तीन ग्रॅम चरबी देतो. म्हणजे ट्रेनरचं म्हणणं प्रोटीनपुरतं खोटं आहे.

एका गोष्टीत तो नकळत बरोबर निघाला. थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. डुकराच्या कोरड्या मांसात शंभर ग्रॅमला पाऊण मिलिग्रॅमच्या वर थायमिन असतं. कोंबडीत आणि बोकडात ते एक दशांशाच्या आसपास रेंगाळतं. पुरुषाची दिवसाची गरज एक ते दीड मिलिग्रॅम. रोजच्या मांसांमध्ये याबाबतीत डुकराला तोड नाही. पिठूळ अन्नातून ताकद काढायला शरीराला हे लागतं. पण ते पाण्यात विरघळतं, म्हणून उकडून पाणी ओतून दिलं तर गेलं, रस्सा खा. आणि तू जर दोन वेळा ज्वारीची भाकरी आणि डाळ खात असशील तर तुला थायमिनची चणचण नाहीच. बी-ट्वेल्व्ह, झिंक आणि सहज पचणारं लोह हे मांसातून मिळतं हे खरं, पण ते चिकनमधूनही येतं, आणि बी-ट्वेल्व्ह, झिंक अंड्यातूनही.

बेकनचं, म्हणजे डुकराच्या पोटाच्या खारवलेल्या पट्ट्यांचं, सोड. कच्च्या बेकनमध्ये प्रोटीनच्या तिप्पट चरबी. तळल्यावर पाणी आणि वितळलेली चरबी निघून जाते, मग तक्त्यावर प्रोटीन एकदम पस्तीसच्या वर दिसतं आणि पोरं खूश होतात. वर गुरुजींना सांगितलं तोच पाण्याचा खेळ. पट्टी तळून उरते जेमतेम आठ ग्रॅमची. सकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे खा, सात-आठ ग्रॅम प्रोटीन, दहा रुपयांच्या आत, आणि आईही काही बोलणार नाही.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरला कॉलेजला आहे. आमच्यात डुकराचं निषिद्ध आहे. कँटीनला 'चिकन हॅम सँडविच' मिळतं. हॅम म्हणजे डुक्करच ना? मग ते चिकन कसं?

उत्तर : हॅम हा शब्द मूळचा डुकराच्या मांडीचाच. पण आता कोंबडीचं मांस त्याच पद्धतीने खारवून, साच्यात दाबून, शिजवून चकत्या करतात आणि त्यालाही हॅम म्हणतात. 'चिकन हॅम' लिहिलं असेल तर मांस कोंबडीचं. फक्त 'हॅम', 'बेकन' किंवा 'सलामी' लिहिलं असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नकोस, आणि एकाच सुरीने दोन्ही कापतात का तेही विचार. लाजू नकोस, विचारणं तुझा हक्क आहे. आरोग्याच्या बाजूने मात्र 'चिकन' या शब्दाने फार हुरळू नकोस. मीठ तेच, नायट्राइट तेच. शिवाय या शिजवलेल्या हॅममध्ये उलटा प्रकार असतो, पाणी काढण्याऐवजी पिचकारीने खारं पाणी आत भरतात. घटकांच्या यादीत मांसानंतर लगेच पाणी, मग सोया प्रोटीन, स्टार्च असं वाचलंस तर समज की तू मांसाच्या भावाने पाणी घेतलंस.

प्रश्न : ताई, आम्ही वसमतजवळच्या खेड्यातले माळकरी. माझ्या भावाला अचानक फिट आली. नांदेडला मेंदूचा फोटो काढला तर डॉक्टर म्हणाले जंताची गाठ आहे, डुकराच्या मांसातला जंत. आमच्या सात पिढ्यांत कुणी मटणाला शिवलं नाही. गावात लोक नाही नाही ते बोलतात. भावजय रडून रडून अर्धी झालीय. काही जण म्हणतात कोबीतला किडा डोक्यात गेला.

उत्तर : ताई, आधी भावजयीला हे वाचून दाखवा. तुमच्या भावाने चोरून काही खाल्लेलं नाही. डॉक्टरांचं निदानही चुकलेलं नसावं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

हा जंत म्हणजे डुकराकडून येणारा फीतकृमी. नीट न शिजलेलं, गाठी असलेलं मांस जो खातो त्याच्या आतड्यात तो मोठा होतो, फितीसारखा लांब. त्या माणसाला बहुधा काहीच कळत नाही. त्याच्या शौचातून जंताची अंडी बाहेर पडतात. तो उघड्यावर बसला तर ती अंडी मातीत, नाल्यात, तिथून मळ्याच्या पाण्यात, आणि तिथून कोथिंबिरीच्या जुडीत. हात न धुता स्वयंपाक केला तर थेट ताटात. ती अंडी ज्याच्या पोटात जातात त्याच्या रक्तातून पिल्लं मेंदूपर्यंत पोचतात आणि तिथे गाठ करून बसतात. मेंदूतली गाठ अंड्यांपासून होते, मांसापासून नाही. म्हणून ती माळकऱ्यालाही होते, जैनांनाही होते. डुक्कर त्या साखळीत आहे, पण शेवटची कडी माणसाची विष्ठा आहे. कोबीत किडा जन्मत नाही; कोबीच्या पानांच्या घड्यांत ती अंडी अडकून राहू शकतात एवढंच, आणि हे पालक, मेथी, गाजर, मुळा यांनाही लागू आहे. घाणीच्या पाण्यावर पिकलेलं काहीही.

आता कामाचं. भावाच्या फिटच्या गोळ्या एकही दिवस चुकू देऊ नका, बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. मेडिकलमधून जंताची गोळी आणून परस्पर देऊ नका. मेंदूत गाठ असताना ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते, कारण गाठ मरताना मेंदूला सूज येते आणि फिट वाढू शकते. घरातल्या सगळ्यांची, आणि घरी स्वयंपाकाला किंवा मदतीला कुणी येत असेल तर त्यांचीही, शौच तपासणी करून घ्या. साखळी घरातच असू शकते आणि औषधाने ती तुटते. कच्च्या खायच्या पालेभाज्या देठ सोडवून, वाहत्या पाण्याखाली पान पान धुवा, पातेल्यात एकदा बुचकळून काढणं पुरत नाही. काही दिवस कोथिंबीर वरून भुरभुरवू नका, फोडणीतच टाका.

ज्यांच्या घरी डुकराचं मटण होतं त्यांच्यासाठीही याच पत्रात लिहून ठेवते. आपल्याकडे रस्सा खदखदून शिजतो, त्याला सहसा भीती नसते. भीती असते ती जाळावर वरवर भाजून, मधे लालसर असतानाच खाल्लेल्या तुकड्यांची. कापल्यावर आत पांढरे, साबुदाण्याच्या दाण्याएवढे फुगे दिसले तर ते मांस पुरून टाका, कुत्र्यालाही घालू नका. विकणाऱ्याशी पैशासाठी नंतर भांडा.